न्यायालयं, इमिग्रेशन आणि आपला पैसा: संसद नक्की तपासते काय?

मुठेकाठी

इमिग्रेशन अँड फॉरिनर्स विधेयक लोकसभेत आलं ११ मार्च २०२५ ला. २७ मार्चला मंजूर झालं, २ एप्रिलला राज्यसभेतूनही सुटलं आणि १ सप्टेंबरपासून कायदा लागू. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे एका फटक्यात रद्द झाले. विरोधक म्हणत होते, आधी समितीकडे पाठवा. ते काही झालं नाही. गृहमंत्र्यांचं 'देश म्हणजे धर्मशाळा नाही' हे वाक्य दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर फिरलं.

मला पडलेला प्रश्न त्यामानाने नीरस आहे. हे राबवायला पैसा किती लागतो, आणि तो नीट खर्च झाला का हे विचारतं कोण?

व्हिसा, विमानतळावरची तपासणी, परदेशी नागरिकांची नोंदणी या सगळ्याची संगणकीय यंत्रणा आयव्हीएफआरटी नावाच्या योजनेतून चालते. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी तिला १,३६४.८८ कोटी मंजूर झाले. गृह मंत्रालयाचं २०२५-२६ या एकाच वर्षाचं बजेट सुमारे २ लाख ३३ हजार कोटी. पाच वर्षांची रक्कम एका वर्षाच्या बजेटच्या एक टक्काही भरत नाही. मोठा पैसा निमलष्करी दलांवर जातो, त्यामुळे चर्चा झालीच तर त्यांची होते.

न्यायाच्या बाजूला ई-कोर्ट, म्हणजे न्यायालयांच्या संगणकीकरणाची योजना. पहिल्या टप्प्याला ९३५ कोटी, दुसऱ्याला १,६७० कोटी, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी, चार वर्षांसाठी. कोर्टाच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थानं बांधायची केंद्र पुरस्कृत योजना वेगळी: २०२१-२६ साठी ९,००० कोटी, त्यात केंद्राचे ५,३५७, बाकी राज्यांचे.

हे मंजूर कसं होतं? लोकसभा दरवर्षी मोजक्या मंत्रालयांच्या मागण्यांवर (म्हणजे त्यांनी वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर) बोलते आणि शेवटच्या दिवशी उरलेलं सगळं गिलोटिनखाली एकगठ्ठा मंजूर. २०१८ आणि २०२३ मध्ये तर एकाही मंत्रालयावर चर्चा झाली नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीच्या बिलावरून अडीच तास भांडणारे आपण, आणि इथे लाखो कोटी आवाजी मतदानाने पसार.

जाणकारांनी भर घालावी. राजकीय पक्षांची धुणी कृपया दुसऱ्या धाग्यावर धुवा.

लकडीपूल

चांगला विषय. पण सभागृहात चर्चा नाही म्हणजे तपासणीच नाही, हे अर्धंच खरं आहे.

१९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बजेट मांडून झालं की अधिवेशनाला मध्ये सुट्टी मिळते ती याच कामासाठी. गृह खात्याची समिती आणि 'कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी व न्याय' ही समिती, दोन्ही राज्यसभेच्या अखत्यारीत येतात. त्यांचे मागण्यांवरचे अहवाल फुकट वाचता येतात. मागच्या वर्षी किती मागितले, किती मिळाले, किती खर्च झाले, कुठल्या योजनेत पैसा पडून राहिला, सगळं टेबलांत असतं. वाचणारे कमी, हा भाग वेगळा.

उणिवाही सांगतो. बैठका बंद दाराआड होतात. साक्ष द्यायला सचिव येतात, मंत्री येत नाहीत. शिफारशी बंधनकारक नाहीत. सरकार तीन महिन्यांत उत्तर देतं आणि त्यात 'शिफारशीची नोंद घेतली आहे' हे वाक्य ठरलेलं. शिवाय राज्यसभेची समिती कितीही छान अहवाल देवो, मागण्यांवर मतदान फक्त लोकसभेत होतं. मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत गृह मंत्रालयाच्या कामकाजावर चर्चा झाली, गृहमंत्र्यांनी सविस्तर उत्तरही दिलं. पण त्यातून एक रुपया इकडचा तिकडे होऊ शकत नव्हता.

खमंग_काकडी

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: खासदाराला एखादा खर्च पटला नाही तर तो कमी करायला सांगू शकतो ना? कपातसूचना की काय म्हणतात ते.

लकडीपूल

सांगू शकतो. तीन प्रकार आहेत. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना, काटकसरीसाठी ठरावीक रकमेची, आणि एखादी तक्रार वेशीवर टांगायची असेल तर शंभर रुपयांची. शंभर रुपयांच्या निमित्ताने तुमच्या तालुक्यातलं कोर्ट गळतंय हे सभागृहाच्या नोंदीत येतं, एवढाच त्याचा उपयोग.

मंजूर मात्र होत नाही. कपातसूचना मंजूर झाली तर सरकारवर सभागृहाचा विश्वास उरला नाही असा अर्थ निघतो, म्हणून पक्षाचा व्हिप असतो आणि १९८५ पासून दहाव्या परिशिष्टाची, म्हणजे पक्षांतरबंदीची, टांगती तलवार. सत्ताधारी खासदाराला खर्च पटला नाही तरी हात वरच.

टिळकरोड_टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्लाऊची_सून

माहेर सदाशिव पेठ, सध्या मुक्काम इंग्लंड. इकडे हा विषय रोजच्या बातम्यांत असतो, म्हणून लिहिते.

आश्रय मागायला आलेल्या लोकांना हॉटेलांत ठेवायचा खर्च होम ऑफिसकडे, म्हणजे इकडच्या गृह खात्याकडे आहे. २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत आश्रय, सीमा, व्हिसा आणि पासपोर्ट या कामांसाठी मिळून वर्षाच्या सुरुवातीला सरासरी ११ कोटी पौंडांची तरतूद दाखवली, आणि खर्च झाला वर्षाला सरासरी २६० कोटी पौंड. हे इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अभ्याससंस्थेने २०२४ मध्ये मांडलं. दरवर्षी सुरुवातीला छोटा आकडा दाखवायचा आणि वर्ष संपता संपता पुरवणी मागणीत उरलेलं भरून घ्यायचं. पुरवणी मागणी येते तेव्हा पैसा बहुतेक खर्च झालेला असतो. मग खासदार नाही कसं म्हणणार?

राहण्याच्या व्यवस्थेची कंत्राटं २०१९ ते २०२९ अशी दहा वर्षांची. मूळ अंदाज ४५० कोटी पौंड. मे २०२५ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, सांगितलं की आता १,५३० कोटी होतील. न्याय खात्याचंही तेच. तुरुंगांत २०,००० जागा वाढवायच्या होत्या; काम लांबलं आणि खर्च मूळ अंदाजापेक्षा किमान ४२० कोटी पौंडांनी वाढणार, हे डिसेंबर २०२४ मध्ये कळलं. मधल्या काळात जागा नाही म्हणून कैद्यांना मुदतीआधी सोडायची वेळ आली.

इकडची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. खात्याचा सर्वोच्च अधिकारी पैशांसाठी संसदेला व्यक्तिशः जबाबदार असतो. एखाद्या योजनेतून पैशाचा मोबदला मिळेल याची त्याला खात्री वाटत नसेल तर तो मंत्र्याला म्हणतो, 'मला लेखी आदेश द्या.' एप्रिल २०२२ मध्ये, आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायच्या योजनेच्या वेळी, होम ऑफिसच्या सचिवांनी हेच केलं. तेव्हाच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांनी लेखी आदेश दिला आणि तो पत्रव्यवहार जाहीर झाला. पुढे २०२३ अखेरपर्यंत रवांडाला २४ कोटी पौंड गेले. जुलै २०२४ मध्ये नव्या गृहमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की एकूण ७० कोटी खर्च झाले आणि गेले किती, तर चार जण, तेही स्वखुशीने.

खासदारांच्या समित्यांपुढे मंत्री येतात, ते सगळं थेट दिसतं, लोक घरी बसून बघतात. तरीही पैसे गेलेच. तेव्हा 'तिकडे बघा कसं छान' असं म्हणायला मी आलेली नाही. पण कोणी, कधी आणि कोणाचा सल्ला डावलून खर्च केला, हे कागदावर सापडतं.

टिळकरोड_टवाळ

चार माणसांना ७० कोटी पौंड. तेवढ्यात त्यांना प्रभात रोडला बंगले आले असते. कदाचित.

मिसिसागाकर

कॅनडातलं थोडं माझ्याकडून. इकडे खर्चाचे अंदाज समित्यांकडे जातात आणि समितीने ३१ मेपर्यंत अहवाल दिला नाही तर तो 'दिला असं मानलं' जातं. म्हणजे आपलं गिलोटिन, फक्त हसतमुख.

पण अराइव्हकॅनचं प्रकरण जरूर वाचा. कोविडकाळात सीमेवरच्या प्रवाशांसाठी काढलेलं ॲप. महालेखापरीक्षकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये अंदाज दिला, साधारण ५ कोटी ९५ लाख डॉलर. 'अंदाज' हा शब्द त्यांचाच, कारण नोंदी इतक्या गबाळ्या होत्या की नक्की आकडा काढणंच शक्य नव्हतं. ज्या दोन माणसांच्या कंपनीला मोठं काम मिळालं होतं तिच्या भागीदाराने समितीच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली नाहीत. मग १७ एप्रिल २०२४ ला त्याला सभागृहाच्या दारातल्या पितळी दांड्यापाशी उभं करून अध्यक्षांनी समज दिली आणि खासदारांनी प्रश्न विचारले. खासगी नागरिकावर अशी वेळ शंभराहून जास्त वर्षांनी आली. माझ्या ऑफिसात त्या दिवशी कोणी काम केलं नसेल.

जमाखर्च_निवृत्त

आयुष्य लेखापरीक्षणात गेलं, म्हणून थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

सूनबाईंनी सांगितलेला ब्रिटनचा प्रकार आपल्याकडे उलटा चालतो. तिथे अंदाज कमी आणि खर्च जास्त. आपल्याकडे न्यायाच्या योजनांमध्ये तरतूद दिसते आणि खर्च अडकतो. कारण साधं आहे. केंद्र हप्ता सोडतं तो आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा खर्च झाल्याचा दाखला, आल्यावर. राज्याने आपला ४० टक्के हिस्सा घातलेला असला पाहिजे. २०२१ पासून पैसा एकाच नोडल एजन्सीच्या खात्यातून फिरवायचा आहे. जागेचा ताबा नाही, नकाशाला मंजुरी नाही, सार्वजनिक बांधकामकडून अंदाजपत्रक आलेलं नाही, यातलं काहीही एक अडलं की फाईल बसते. सुधारित अंदाजात दिल्ली ती रक्कम कापते आणि पुढच्या वर्षी 'खर्च करण्याची क्षमता नाही' असा शेरा आपल्याच माथी. उरलेलं मार्चमध्ये. पंधरा मार्चनंतर निघणाऱ्या बिलांची संख्या बघितली की कोणत्याही लेखापरीक्षकाचे कान टवकारतात.

आता संसदेची लोकलेखा समिती. ती १९२१ पासून आहे, म्हणजे संविधानाहून जुनी. २२ सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, ही फार चांगली प्रथा. कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत ठेवला की तो तिच्याकडे जातो. पण अहवालातले सगळे परिच्छेद समिती घेऊ शकत नाही, निवडक घेते. बाकीच्यांवर खात्याने कार्यवाहीची टिपणी पाठवायची. साक्ष होते तोवर ज्या सचिवाने खर्च केला तो दुसऱ्या खात्यात गेलेला असतो किंवा माझ्यासारखा निवृत्त. समोर बसलेला बिचारा म्हणतो, 'हे माझ्या आधीचं आहे.' समितीलाही ते माहीत असतं. चहा येतो.

धागाकर्त्यांना एक सूचना. विधी मंत्रालयाचं एकूण बजेट बघून 'न्यायावरचा खर्च वाढला' असं म्हणायच्या आधी आतली लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाचे वेगवेगळे कप्पे, उघडा. निवडणुकांचा केंद्राचा खर्च, मतदान यंत्रं, मतदार ओळखपत्रं हे सगळं त्याच मंत्रालयाच्या मागणीत बसतं. लोकसभा निवडणुकीच्या वर्षी आकडा फुगतो आणि वर्तमानपत्रं मथळा करतात. त्यातून एकाही पक्षकाराची तारीख एक दिवसही अलीकडे येत नाही.

सनद_आहे

शिवाजीनगरला प्रॅक्टिस करतो. चर्चा उत्तम चालली आहे, पण मंडळी चुकीच्या गावात हिशेब शोधताहेत.

पुण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीशांचा पगार, शिरस्तेदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांचे पगार, वीजबिल, स्टेशनरी, हे राज्याच्या तिजोरीतून जातं. मुंबईत विधी व न्याय विभागाच्या मागणीतून. देशभरात न्यायव्यवस्थेवरच्या खर्चाचा मोठा वाटा राज्यंच उचलतात. दिल्लीची ७,२१० कोटींची योजना डोळ्यांत भरते कारण तिचं पत्रक निघतं.

आणखी एक बारकावा. सर्वोच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद १४६ नुसार भारताच्या संचित निधीवर भारित असतो. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२९ नुसार राज्याच्या निधीवर. भारित खर्चावर सभागृह चर्चा करू शकतं, मतदान नाही. हे मुद्दाम ठेवलंय, निकाल आवडला नाही म्हणून सरकारने न्यायालयाचं पाणी तोडू नये यासाठी. मला ते शंभर टक्के मान्य आहे. पण त्याआड आमदारांनी सगळ्याच कोर्टांच्या खर्चावर गप्प बसायचं कारण नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च मतदानाला येतो. तिथे बोला ना! बोलत कोणी नाही. रस्ता, पाणी, पोलीस यांवर मतं मिळतात. कोर्टात खेटे घालणाऱ्यांची मतपेढी नसते.

न बोलण्याचा परिणाम असा की शेवटी न्यायालयंच आदेश काढून पैसा सोडवून घेतात. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशी लागू करा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये बऱ्याच राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि वित्त सचिवांना बोलवावं लागलं. ज्या खर्चाचा निर्णय विधानसभेत व्हायला हवा होता तो अवमानाच्या भीतीने झाला. याला मी तरी तपासणी म्हणत नाही.

कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे जोडले गेले, पुणे नाही. इथल्या वकिलांची खंडपीठाची मागणी जुनी आहे. पण खंडपीठ आलं तर इमारत, निवासस्थानं, कर्मचारी यांचा खर्च किती, यावर एकही नीट कागद मी वाचलेला नाही. मागणी करणाऱ्यांत मीही आहे, तरी सांगतो.

कर्वेनगरची_कविता

वकीलसाहेब, भारित खर्चाचं आज पहिल्यांदा समजलं. धन्यवाद.

इमिग्रेशनबद्दल: आमच्या वरच्या मजल्यावर परदेशी विद्यार्थी राहतात, त्यामुळे त्या नोंदणीशी माझा संबंध येतो. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन माहिती भरायची, आमच्याकडे सगळे अजून सी फॉर्मच म्हणतात. पुण्यात नोंदणीचं काम पोलीस आयुक्तालयातून चालतं. नव्या कायद्यात विद्यापीठं आणि रुग्णालयांवरही माहिती द्यायची जबाबदारी आहे. पुण्यात वसतिगृहं किती, परदेशी विद्यार्थी किती, उपचारांसाठी येणारे किती! माहिती भरायचं काम कॉलेजातल्या कारकुनावर पडणार, त्याचा पगार केंद्र देणार नाही. तो खर्च कुठल्या मागणीत शोधायचा?

लकडीपूल

कविताताई, तो कुठेच सापडणार नाही. सरकारच्या निधीतून खर्च होणार असेल तर विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. खासगी कॉलेज, घरमालक, विमान कंपनी यांच्या खिशातून जाणारा पैसा त्यात धरत नाहीत. विधेयक समितीकडे गेलं असतं तर विद्यापीठांना, रुग्णालयांना साक्षीला बोलावता आलं असतं आणि हा प्रश्न कोणीतरी विचारला असता. मला समितीचा आग्रह एवढ्यासाठीच वाटतो. सरकार पडावं म्हणून नव्हे.

विश्रांतवाडी_एक्सप्रेस

सगळीकडे खर्चच का बघता? वेळ वाचतो त्याचं काय? दिल्लीला जून २०२४ मध्ये विश्वासू प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशन सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आलं. ई-गेटमधून मिनिटात बाहेर. सरकारने काही चांगलं केलं की लगेच हिशेब.

मुठेकाठी

एक्सप्रेसराव, चांगलं केलंय हे मान्य. एका ई-गेटला खर्च किती आला आणि त्यातून किती प्रवासी जातात, हे विचारल्याने गेट बंद पडत नाही. उलट हे आकडे असते तर पुण्यालाही द्या म्हणायला तुम्हालाच उपयोग झाला असता.

जमाखर्चकाका आणि वकीलसाहेबांमुळे धाग्याची दिशा बदलली, ते बरंच झालं. दिल्लीचं गिलोटिन सगळ्यांना दिसतं, पण पुण्यातल्या कोर्टाचा पैसा मुंबईत मंजूर होतो आणि तिथे पुरवणी मागण्यांचा आकार बघा: २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटी, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७,५१० कोटी. मार्चमध्ये बजेट मंजूर करायचं आणि जून-जुलैत एवढं पुन्हा मागायचं, तर मार्चमधला अंदाज अंदाज होता का? सूनबाईंनी होम ऑफिसचं सांगितलं तेच हे. खर्च जास्त की कमी यावर वाद होत राहील. मला आधी सुरुवातीचा आकडा खरा हवा आहे.

केरळ विधानसभेत विषय समित्या मागण्या तपासतात असं वाचलं. इथे आमदारांना तसं करायला भाग पाडायचं तर सुरुवात कुठून करावी?

सनद_आहे

समित्या होतील तेव्हा होतील. तोवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, द्यायला लावा. मी तीन प्रश्नांचा मसुदा केला आहे, आमदारांकडे घेऊन जायला चार जण बरोबर हवेत:

एक, पुणे जिल्ह्यात न्यायालयीन इमारतींची कोणती कामं केंद्र पुरस्कृत योजनेतून मंजूर आहेत आणि प्रत्येकाची सद्यस्थिती काय. दोन, गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्यांना किती निधी मिळाला. तीन, जिल्हा व तालुका न्यायालयांत मंजूर पदं किती, भरलेली किती.

कर्वेनगरची_कविता

मी येते. शनिवार असेल तर.

जमाखर्च_निवृत्त

मीही येईन. मसुद्यात एक बदल करा. दुसऱ्या प्रश्नात 'किती निधी मिळाला' एवढंच विचारू नका, त्याचं उत्तर योजनेच्या पत्रकातून उतरवून देतील. 'कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम समर्पित केली, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणास्तव' असं विचारा. समर्पित म्हणजे न वापरता परत केलेली. 'कारणास्तव' गाळू नका. आणि तिसऱ्यात रिक्त पदं कधीपासून रिक्त आहेत ते घाला.